रोडोपीला पहिल्यांदा जाताना

बल्गेरियाच्या सहलीत रोडोपी डोंगरांसाठी तुम्ही एकच दिवस ठेवला असेल, तर तो आधी वाढवा. हा भाग दक्षिणेला ग्रीसच्या सीमेला भिडतो. रस्ते घाटाचे, नकाशावरचं अंतर फसवं. स्मोल्यान किंवा त्रिग्रादला निदान तीन रात्री हव्यातच.

सेप्तेम्व्रीहून दोब्रिनिश्तेला जाणारी छोटी रेल्वे मात्र चुकवू नका. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६० मिलिमीटर, १२५ किलोमीटरला साधारण पाच तास. वाटेतलं अव्रामोवो स्थानक १,२६७ मीटर उंचीवर आहे.

मुक्काम गावातल्या घरगुती खोलीतच करा, हा माझा आग्रह आहे. इथली शेती म्हणजे बटाटा, स्मिल्यानचा टपोरा घेवडा, पूर्वेकडे तंबाखू आणि मेंढ्या. तरुण मंडळी शहरांकडे गेली. तुमचे पैसे थेट त्या घरात गेले तर गावं टिकतील. जेवायला पातातनिक मागा, किसलेल्या बटाट्याचा, कांदा-पुदिना घातलेला. अंडं चालत नसेल तर आधी विचारा.

त्रिग्रादच्या घळीतल्या 'सैतानाचा घसा' गुहेत पायऱ्या ओल्या असतात, बूट पकड असलेलेच घ्या. ग्रीक पुराणकथेतला गायक ऑर्फियस इथूनच पाताळात उतरला, असं गावकरी सांगतात.

आणि लेव्ह, म्हणजे बल्गेरियाचं जुनं चलन, नेऊ नका. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो.