पुण्यात मालिशचं बस्तान बसवताना

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरचा. बारा वर्षं तालमीत पैलवानांची मालिश करतोय. बाणेरला गाळा घ्यायचा विचार आहे, पण तिथं चौकाचौकात स्पा. निभाव लागेल का?

उत्तर: लागेल, पण गाळा आत्ताच नको. स्पात जाणाऱ्याला मंद दिवे, सुवास आणि एसी हवा असतो. त्या शर्यतीत तुम्ही मागे पडाल, कारण तुमचं भांडवल म्हणजे तुमचा अंगठा. जोर-बैठका मारलेल्या मांडीत गाठ कुठं धरलीय, हे तुम्हाला हात लावताच कळतं. पुण्यात याची गरज कुणाला आहे ते शोधा. बाणेरला लागूनच म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. डिसेंबरात पुणे मॅरेथॉन असते आणि त्याआधी दोन-तीन महिने निम्मे हौशी धावपटू पोटऱ्या धरून बसलेले असतात. पहाटे धावणाऱ्या एखाद्या गटाच्या प्रशिक्षकाला गाठा. त्याची मालिश फुकट करा, गटातल्या बाकीच्यांची नको. एकदा फुकट केलं की दुसऱ्यांदा पैसे मागणं जड जातं, हे मी स्वतः भोगलंय.

दोन गोष्टी सांभाळा. पैलवानाला सोसतो तो जोर दहा तास खुर्चीत बसणाऱ्याला सोसत नाही. ‘दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही’ असा एक मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, की त्या इमारतीचं दार बंद. दुसरं, एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर हात लावू नका, डॉक्टरकडे पाठवा. आत रक्ताची गुठळी असली तर चोळल्यानं सुटून ती फुफ्फुसात जाऊ शकते.

आणि कोल्हापूर लगेच सोडू नका. तीन महिने शनिवार-रविवार येऊन बघा. एसटीचं भाडं गाळ्याच्या डिपॉझिटपुढं काहीच नाही.

प्रश्न: मी सावंतवाडीची. गोव्यात स्पामध्ये सहा वर्षं काम केलं, सर्टिफिकेट आहे. पुण्यात खोली शोधतेय, पण ‘मसाज’ म्हटलं की मालक फोन ठेवतात.

उत्तर: राग येतो, मलाही यायचा. पण मालकाची भीती अगदीच हवेतली नाही. अनैतिक व्यापार प्रतिबंधाच्या 1956 च्या कायद्यात, गैरवापर होणार हे ठाऊक असूनही जागा देणारा मालकसुद्धा अडकतो. म्हणून फोनवर बोलूच नका. सर्टिफिकेट आणि गोव्यातल्या स्पाच्या मालकांचं पत्र घेऊन समक्ष जा. फक्त बायकांसाठी काम करणार असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा आणि पाटीवरही लिहा. राहत्या इमारतीऐवजी जिथं दाताचा दवाखाना, योगवर्ग आहेत अशी जागा बघा. काही योगवर्ग दुपारी रिकामे असतात, तासावर खोली मिळते. करार मात्र नोंदवलेलाच हवा आणि त्यात वापर काय, तेही लिहिलेलं हवं.

कागदपत्रांचा बाऊ नको. एकटीनं काम करताना शॉप अ‍ॅक्टसाठी, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यासाठी, ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. जीएसटीचा विचार उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंद, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न: ताई, मी सोलापुरात बाळ-बाळंतिणीची मालिश करते. मिस्टरांची बदली हडपसरला झालीय. तिथं म्हणे अ‍ॅपवरून बाई बोलावतात. मला कोण विचारणार?

उत्तर: तुम्हालाच आधी विचारतील! अ‍ॅप मोकळी असेल ती बाई पाठवतं. पण बाळाला हात लावू द्यायच्या आधी घरातली आजी विचारतेच, ‘याआधी कुणाकडे केलीत?’ सोलापूरच्या ज्या लेकी-सुना पुण्यात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. बाई ठरते ती सातव्या-आठव्या महिन्यात, बाळंतपणानंतर नाही, तेव्हा ओळख त्याआधीच व्हायला हवी. मगरपट्टा, अमनोरा, फुरसुंगी एवढ्यातच घरं धरा. सकाळी चार आंघोळी उरकायच्या तर वाघोलीचं घर परवडत नाही.

काही सवयी मात्र सोलापुरातच ठेवून या. अंगणाच्या कडेला चालायची ती कोळशाची शेगडी बंद बेडरूममध्ये नको. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माय-लेकरं दोघांच्या जिवावर बेतू शकतं. बाळाच्या नाका-कानात तेल नको. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नको. हे तुम्ही स्वतःहून पहिल्याच भेटीत सांगितलंत, की तरुण आई निम्मी निश्चिंत होते.

प्रश्न: पाटीवर ‘फिजिओथेरपी’ लिहिलं तर गिऱ्हाईक वाढेल का? कोर्स मालिशचा केलाय.

उत्तर: नाही लिहायचं. ती पदवी आहे आणि महाराष्ट्रात तिची स्वतंत्र परिषद आहे. तेलाच्या बाटलीवर ‘पक्षाघात बरा होतो’ असंही छापू नका, आक्षेपार्ह जाहिरातींचा 1954 चा कायदा आडवा येतो. ‘मालिश’ हाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहा, खाली वेळ आणि दर.