कंपन्यांच्या देणग्या कायदेशीर असतील, तर त्यांत गैर काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, कंपनी कर भरते, रोजगार देते, मग तिने एखाद्या पक्षाला कायद्याने देणगी दिली तर बिघडले कुठे. मतदान तर गुप्तच असते आणि देणगीने मतदाराचे मत थोडेच फिरते? प्रश्न रास्त आहे. मी सनदी लेखापाल आहे आणि बरीच वर्षे कंपन्यांचे हिशेब तपासत आलो आहे, म्हणून हिशेबाच्याच बाजूने उत्तर देतो. मत फिरते की नाही हे ठरवण्याआधी मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात: हा पैसा कोणाचा, तो कोणाच्या संमतीने दिला जातो आणि मतदाराला ते केव्हा कळते?

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, बदल करून राजकीय पक्षांना देणग्या देण्याची तरतूद करायची होती आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना कंपनीला परवानगी द्यावी लागली. परंतु हा धोका वाढत जाऊन एक दिवस या देशातील लोकशाहीचाच गळा घोटू शकेल, असा इशारा त्यांनी निकालपत्रात दिला आणि संसदेचे लक्ष त्याकडे वेधले. पुढे १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. माझ्या मते ती बंदी फसली, कारण पैसा आटला नाही, तो रोखीने आणि हिशेबाबाहेर वाहू लागला. १९८५ साली बंदी उठली आणि मर्यादा आली: आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, जी २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात टक्के झाली. देणगी कोणत्या पक्षाला दिली, हेही नफा-तोटा पत्रकात लिहावे लागे.

२०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादाही काढली आणि पक्षाचे नाव सांगण्याची अटही. तोट्यात असलेली कंपनीसुद्धा आता हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. २०१८ च्या जानेवारीत निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायच्या वचनचिठ्ठ्यांची, योजना अधिसूचित झाली. रोखे फक्त भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत, १ हजारापासून १ कोटी रुपयांपर्यंतचे, आणि पक्षाला ते १५ दिवसांत वटवावे लागत. सामान्य माणसालाही पक्षाला मदत करता यावी असा युक्तिवाद होता, पण विक्रीतील ९० टक्क्यांहून अधिक रक्कम १ कोटीच्या रोख्यांतून आली. रोख्यावर कोणाचेही नाव नसे. मात्र एका महिला पत्रकाराने २०१८ साली रोखा विकत घेऊन त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तेव्हा अतिनील प्रकाशात कोपऱ्यात एक क्रमांक उमटलेला दिसला. म्हणजे रोखा ओळखण्याची सोय सरकारी मालकीच्या बँकेच्या यंत्रणेत होती; नागरिकाला मात्र काहीच दिसत नव्हते. या एका तपशिलाने मी त्या काळी अस्वस्थ झालो होतो आणि आजही आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. मतदाराचा माहितीचा अधिकार त्यामुळे डावलला जातो, असे न्यायालयाने म्हटले, आणि अमर्याद देणग्यांची मुभाही मनमानी ठरवली. रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले, याचा तपशील देण्यास न्यायालयाने बँकेला सांगितले. त्यासाठी बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभेची निवडणूक उलटून गेल्यानंतरची. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या प्रसिद्ध झाल्या. एप्रिल २०१९ पासूनच्या त्या याद्यांनुसार भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९ कोटी आणि काँग्रेसला १,४२१ कोटी रुपये मिळाले होते. सर्वांत मोठी खरेदीदार फ्युचर गेमिंग ही लॉटरी व्यवसायातील कंपनी होती, १,३६८ कोटींची. दुसऱ्या क्रमांकावरच्या मेघा इंजिनिअरिंगला २०२३ साली ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम मिळाले होते. या दोन गोष्टींत देवाणघेवाण होती असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण त्या शेजारी ठेवून प्रश्न विचारण्याची सोय २०२३ साली ठाण्याच्या मतदाराला नव्हती, हे माझ्या दृष्टीने पुरेसे गंभीर आहे.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते, जे आता माझ्या नावावर आहेत. त्या याद्यांत मला त्या कंपनीचे नाव सापडले. इतकी वर्षे तिचा वार्षिक अहवाल मी व्यवसायाच्या सवयीने पानन् पान वाचत होतो आणि तरीही ही रक्कम कोणत्या पक्षाला गेली, हे मला कधी कळले नव्हते. पैसा भागधारकांचा, राजकीय पसंती मात्र संचालकांची.

आता मत फिरते का, याविषयी. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. जिल्हा निवडणूक यंत्रणा चहा, वडापाव, हार, खुर्च्या, मांडव यांचे दरपत्रक ठरवते आणि उमेदवाराच्या माणसाला त्याप्रमाणे रोजचा हिशेब लिहावा लागतो. मात्र पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादाच नाही, आणि स्टार प्रचारकांचा विमानाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा असा निकाल दिला होता, पण त्याच वर्षी कायदा बदलून तो निष्प्रभ करण्यात आला. मोठ्या देणग्यांचा जोर असतो तो या अमर्याद बाजूला. तिकीट मागायला आलेल्याला पक्ष आधी ‘खर्चाचे काय?’ असे विचारतो, आणि ज्याच्यामागे कोणी नाही असा चांगला कार्यकर्ता तिथेच गळतो. मतदाराचे मत न फिरवताही त्याच्यासमोर कोण उभे राहणार, हे असे आधीच ठरून जाते.

रोखे गेले, तरी देणग्या थांबलेल्या नाहीत. त्या आता मोठ्या प्रमाणात इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमार्फत, जातात. ट्रस्टला देणारे आणि घेणारे जाहीर करावे लागतात, ही सुधारणा मी मनापासून मान्य करतो. मात्र ट्रस्टचा अहवाल वर्ष संपल्यावर येतो आणि अनेक कंपन्यांचे पैसे एकत्र झाल्यामुळे कोणाचे कुठे गेले ते लावणे कठीण होते. पूर्ण बंदी मला नको, १९६९ चा अनुभव पुरेसा आहे. ठरावीक रकमेवरची देणगी मतदानापूर्वीच जाहीर व्हावी आणि तिला भागधारकांची संमती लागावी, एवढे मला हवे आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यापासून अशी संमती लागते. आपल्याकडे संचालक मंडळाचा ठराव पुरतो. वडिलांच्या त्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना मला दरवर्षी ईमेलने येते आणि लाभांश, संचालकांची फेरनियुक्ती, लेखापरीक्षकांची नेमणूक अशा विषयांवर माझे मत मागते. राजकीय देणगीचा विषय त्या यादीत आजवर एकदाही आलेला नाही.