संगीतकोश ऑनलाइन आणणे हे संपादनाचे काम आहे

‘मुलीने संगीतात एम.ए. पूर्ण केले आहे. पुण्यातील एका संस्थेने तिला दोन वर्षांच्या करारावर काम देऊ केले आहे. अनेक खंडांचा जुना संगीतकोश ऑनलाइन आणण्याचा हा प्रकल्प आहे. मानधन बेताचे आहे. छापलेलेच पुन्हा संगणकावर उतरवण्यात तिची उमेदीची वर्षे जातील, अशी आम्हाला भीती वाटते. त्यापेक्षा तिने बी.एड. करावे का?’
— एक पालक, सहकारनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: त्या संस्थेत आपल्या मुलीच्या हाती छापील पाने पडणार आहेत की संपादनाचे निर्णय? नुसती पाने पडणार असतील, तर आपली भीती खरी आहे. निर्णय पडणार असतील, तर संगीताच्या विद्यार्थिनीला या वयात यापेक्षा चांगली उमेदवारी मिळणे कठीण आहे.

हे निर्णय कसे असतात, ते पाहू. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला आणि अन्यत्र ‘विष्णुशर्मा’ हेही नाव घेतले. छापील कोश वाचणाऱ्या जाणकाराला हे ठाऊक असते. संगणकाच्या लेखी मात्र ही तीन वेगळी माणसे आहेत, आणि ती एकच असल्याची खूण प्रत्येक नोंदीत कोणीतरी समजून-उमजून करावी लागते. रागांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. काफी हा राग आहे आणि थाटही, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी मानलेला स्वरसमूहही आहे. कर्नाटक संगीतातील हिंदोळमचे नाव आपल्या हिंदोलाशी जुळते, पण त्याचे स्वर जुळतात ते मालकंसाशी. छापील कोशात ‘काफी पहा’ एवढे लिहून भागत असे, कारण पुढचा शोध वाचक स्वतः घेई. ऑनलाइन कोशात त्या शब्दाला दुवा जोडताना तो नेमक्या कोणत्या नोंदीकडे जाईल, हे आधी ठरवावे लागते. कितीही कुशल प्रोग्रॅमर असला, तरी हे त्याला संगीत जाणणाऱ्या माणसाला विचारावे लागेल.

स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत, हा तर या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि नेमका तोच प्रकल्पांच्या आराखड्यात बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकातील स्वरावर टिंब. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत मात्र स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी उभी रेघ येते. एकाच कोशात वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या पद्धतीने बंदिशी दिल्या असतील आणि ती पद्धत नोंदवण्याचे राहून गेले, तर बंदिशीचा अर्धा भाग भलत्याच सप्तकात जाऊन बसेल आणि पडद्यावर सारे काही व्यवस्थित दिसत राहील. छापील पान वाचणाऱ्या ओसीआर प्रणालीला हे टिंब कागदावरचा डाग वाटू शकते. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळणी केलेल्या फाइली संस्थेकडे असतील, तर त्यांचे रूपांतर करताना जोडाक्षरे आणि रफार जागेवरून हलतात, तेही ओळीओळीने तपासावे लागते. हे तपासणे कंटाळवाणे आहे, आणि करारातील बराच वेळ त्यातच जाईल, याची तिने मनाशी तयारी ठेवावी.

जगात या वाटेने आधी गेलेल्या कोशांकडून पुष्कळ शिकता येते. इंग्रजीतील ‘ग्रोव्ह’ हा संगीतकोश प्रथम १८७९ ते १८८९ या काळात निघाला. २००१ साली त्याची २९ खंडांची आवृत्ती आली आणि त्याच वर्षी तो ऑनलाइनही झाला. त्या छापील आवृत्तीत स्ट्राविन्स्कीच्या रचनांच्या सूचीचा आणि वाग्नरच्या संदर्भसूचीचा काही भाग निर्मितीतील चुकीमुळे गळला, आणि दोन खंड दुरुस्त करून पुन्हा काढावे लागले. ऑनलाइन कोशात अशी दुरुस्ती त्याच दिवशी होते. पण त्यातूनच नवी जबाबदारी येते: काल एखाद्या संशोधकाने उद्धृत केलेला मजकूर आज बदलला असेल, तर त्याने काय वाचले होते हे कसे कळणार? २०१६ पासून ऑनलाइन असलेल्या ‘एमजीजी’ या जर्मन संगीतकोशाने लेखांची जुनी रूपेही वाचकासाठी उपलब्ध ठेवली आहेत. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण घराण्यांचा आणि गुरुपरंपरांचा इतिहास लिहिताना मते बदलतात, आणि ती कधी व का बदलली हाही इतिहासाचाच भाग असतो.

आता मुलीने काय शिकावे, याविषयी. संगणकाची नवी पदवी घेण्याची गरज नाही. मजकुरावर अर्थाच्या खुणा करण्याची एक्सएमएल पद्धत आणि तिच्यावर आधारलेली टीईआय ही अभ्यासकांची प्रमाण पद्धत तिला काम करता करता शिकता येईल. ग्रंथालयशास्त्रातील नामनियंत्रण (एकाच व्यक्तीची वेगवेगळी नावे एका प्रमाण नावाखाली आणणे) आणि वर्गीकरण यांची ओळख मात्र अवश्य करून घ्यावी. आपल्या पुण्यातच, डेक्कन कॉलेजमध्ये, १९४८ पासून संस्कृत कोशाचे काम चालू आहे. शब्दांच्या चिठ्ठ्या कशा साठवल्या आणि पारखल्या जातात, हे तिने परवानगी घेऊन एकदा पाहून यावे. मराठी विश्वकोशातील संगीतविषयक नोंदी तर घरबसल्या वाचता येतात.

बी.एड.चा मार्ग दोन वर्षांनीही खुला राहील. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर तिने या कामाबरोबर यूजीसीच्या नेट परीक्षेची तयारी करावी, कारण संगीत हा त्या परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे. संगीताचे अभिलेखागार, विद्यापीठांची ग्रंथालये आणि कोशप्रकल्प येथे अशा अनुभवाचा उपयोग होतो, पण या जागा थोड्या आहेत, हे आपल्यापासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही. रियाज सुटता कामा नये; तिचा कान हाच या कामातला तिचा अधिकार आहे.

होकार देण्यापूर्वी संस्थेकडे एक पूर्ण झालेली नोंद पाहायला मागावी, शक्यतो बंदिशीसह. ती नोंद कोणी तपासली, शंका आली तेव्हा निर्णय कोणी घेतला आणि दुरुस्तीची तारीख कोठे नोंदवली, हे विचारावे. करार संपल्यावर संकेतस्थळाची देखभाल कोण करणार आणि संपादन-साहाय्य म्हणून तिचे नाव लागणार का, याचे उत्तर लेखी घ्यावे. दाखवायला एकही नोंद तयार नसेल, तर हा पहिला नमुना स्वतः तयार करण्याचे काम मुलीने मागून घ्यावे. ते मिळाले तर कमी मानधनातही काम स्वीकारावे, आणि नाकारले गेले तर नम्रपणे नकार कळवावा.