अलिया करताना लहान मुलांचे सण आणि जेवणं: ठाण्याच्या एका आईला उत्तर

शलोम बाळा,

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे आणखी कुणी वाचलं तर त्यालाही कळेल. तू ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातली; लेक सात वर्षांची, मुलगा चारचा. पुढच्या उन्हाळ्यात अलिया करायचं, म्हणजे इस्रायलला कायमचं राहायला यायचं, जवळजवळ ठरलंय. नोकरी-घराचं नवरा बघतोय; तुला घोर लागलाय तो मुलांचा. तिथले सण लांबलचक, सगळं हिब्रूत, माझी मुलं पंधरा मिनिटं टेबलाशी टिकत नाहीत, धाकट्याला वरणभाताशिवाय काही चालत नाही, त्यांना सण नकोसे झाले तर काय करू, असं तू विचारलंस. आणि मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

मी १९९६ साली पनवेलहून इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला आले तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. आता त्याची लेक पाचची आहे. म्हणजे हे सगळं मी दोनदा केलंय, एकदा चुकत आणि एकदा जरा शहाणपणाने.

पहिलं म्हणजे हिब्रू गाण्यांची, प्रार्थनांची काळजी आजच सोडून दे. ठाण्यात शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, आहे हे तुला मुलांना सांगावं लागतं. इथे ते रस्त्यावरूनच कळतं. शुक्रवारी दुपारपासून दुकानं मिटतात, बहुतेक गावांत बस थांबते, जिन्यात चारी घरांच्या स्वयंपाकाचे वास मिसळतात. तुझा धाकटा गनमध्ये, म्हणजे बालवाडीत जाईल. तिथे दर शुक्रवारी छोटा शब्बाथ असतो. एक मुलगा ‘शब्बाथचा अब्बा’, म्हणजे बाबा, एक मुलगी ‘शब्बाथची इमा’, म्हणजे आई, होते. मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, हाल्ला पाव, गाणी. पाळी आली की त्या दिवशी घरून केक करून न्यायचा. हनुक्का हा दिव्यांचा सण येईपर्यंत तो तुला गाणी शिकवेल, तू त्याला नाही.

गनमधून जे कधीच येणार नाही, ते मात्र तुलाच द्यावं लागेल. इथे मी चुकले होते. आल्यावर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, मुलगा लवकर इथल्यांसारखा व्हावा. म्हणून मलिदा बंद, गव्हाच्या चिकाचा हलवा बंद, नववर्षाला आपला ‘नव्याचा सण’ हा शब्दसुद्धा बंद, नुसतं रोश हशाना. मग एकदा शाळेत बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरचं सणाचं खास काय? मोरोक्कोच्या घरातला मुलगा म्हणाला मुफ्लेता, येमेनची मुलगी म्हणाली जाख्नून. माझा मुलगा घरी आला, दप्तर खांद्यावरच होतं, आणि त्याने विचारलं, “आई, आपलं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात मी पोहे आणले.

मलिद्यापासूनच सुरुवात कर, कारण लहान मुलांसाठी आपल्याकडे याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. सगळं गोड, सगळं हाताने करायचं, आणि लगेच खायला मिळतं. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं. तू बेने इस्रायल घरातली, तुला ताट कसं लावायचं ते सांगायला नको. पण मुलांना ताटावरचं, खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वादांचं कोडं घाल. झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हाएत्स’ म्हणायचं, जमिनीतून येणाऱ्याला ‘बोरे पेरी हाअदामा’. खजूर कुठला? झाडाचा. सफरचंद? झाडाचं. मग केळं उचलायचं आणि गप्प बसायचं. मुलं ओरडतात, झाडाचं! नाही. केळीचा खांब घड दिला की संपतो, पुन्हा बुंध्यातून नवा येतो, म्हणून केळं जमिनीच्या आशीर्वादाचं. माझी नात हे कोडं आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला घालते आणि चुकलं की तिला मनापासून आनंद होतो.

एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, गोष्ट पण याच ताटाशी सांग. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं आपले लोक मानतात, तुम्ही निघण्याआधी मुलांना घेऊन एकदा तिथे जाऊन ये. फोटो काढ. इथे पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी पेला भरतात आणि दार उघडतात. तेव्हा तुझ्या मुलांना तो अनोळखी म्हातारा वाटणार नाही. आपल्या कोकणात येऊन गेलेला माणूस वाटेल.

आता टेबलाशी बसण्याचं. मी एकच नियम धरला: जेवणात प्रत्येक मुलाचं एक काम असलं पाहिजे, आणि ते खरं काम असलं पाहिजे. म्हणजे ते केलं नाही तर जेवण अडलं पाहिजे. खोटं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

आमच्याकडे शुक्रवारचं काम गुरुवारी रात्री सुरू होतं. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या. इथे द्राक्षाचा रस आणि वाइन कुठल्याही दुकानात मिळते, पण किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला, मी आपलं मनुकांचं शरबतच ठेवलंय. शुक्रवारी दुपारी मनुका फुगून टम्म होतात. नात बाह्या वर करते, हात धुते आणि त्या भांड्यात कुस्करायला लागते. बोटांमधून गर निघतो, पाणी आधी चहासारखं, मग जांभळट काळं होतं. मग मलमलच्या फडक्यात घालून पिळायचं. तिला शेवटचा पीळ जमत नाही, तेव्हा माझे हात तिच्या हातांवर. संध्याकाळी आजोबांनी पेला उचलला की ती सगळ्यांकडे बघत असते, तोंड कोण वाकडं करतंय का. ज्या मुलाने शरबत केलंय ते किद्दुश संपेपर्यंत टेबल सोडत नाही, हे मी खात्रीने सांगते.

वेळेचं मात्र लक्षात ठेव. मेणबत्त्या सूर्यास्ताआधी लावायच्या, त्यामुळे हिवाळ्यात साडेचारच्या आतच लावाव्या लागतात आणि जून-जुलैत साडेसात वाजतात. उन्हाळ्यात चार वर्षांचं पोर तोवर भुकेने आणि झोपेने चिडलेलं असतं. त्याला साडेपाचला वरणभात भरवून टाक. टेबलावर तो फक्त पावाचा तुकडा आणि गोड खाईल, खाऊ दे. शब्बाथचं जेवण म्हणजे पोट भरण्याची परीक्षा नव्हे. त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलास, तेवढं त्याच्या आठवणीत राहतं.

शनिवारी रात्री हावदाला, म्हणजे शब्बाथचा निरोप. वेणीसारखी वळलेली मेणबत्ती आणि वास घ्यायला मसाला. आमच्या घरी त्यासाठी मिसळणाचा डबाच येतो टेबलावर. डोळे मिटायचे, लवंग की वेलची की दालचिनी ते ओळखायचं. पाच मिनिटांचा कार्यक्रम, आणि मुलं आठवडाभर त्याची वाट बघतात.

रोजच्या खाण्याचं सांगते, कारण खरी रडारड तिथेच होते. सकाळी दहाला गनमध्ये आणि शाळेत ‘अरुखात एसेर’, म्हणजे दहाचं खाणं. घरून डबा न्यायचा. बहुतेक मुलं सँडविच आणतात. डब्यात मटण-चिकन सहसा चालत नाही, आणि वर्गात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर शेंगदाणे, तीळ बंद असतात. शेंगदाण्याची चटणी देण्याआधी विचार. माझ्या मुलाने पहिला महिनाभर पोळीभाजीचा डबा तसाच परत आणला, मुलं विचारतात हे काय म्हणून. मग मी पोळीच्या आत भाजी घालून गुंडाळी केली आणि कागदात बांधली. इथे अशा मोठ्या पोळीला लाफा म्हणतात, ती सगळ्यांना ठाऊक. पोळी तीच, भाजी तीच, डबा रिकामा यायला लागला. धाकट्यासाठी हेच कर. आणि नारळाचं दूध घरात कायम ठेव. मटणाच्या जेवणानंतर आपल्यात दुधाचं गोड चालत नाही, पण नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा चालतो. आपल्या आज्यांनी हे कोकणात शोधून ठेवलंय. इथल्या शेजारणी अजून मला त्याची कृती विचारतात.

तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर १ सप्टेंबरला शाळा सुरू होईल, आणि काही आठवड्यांत तिश्री या हिब्रू महिन्याचे सण अंगावर येतील. कुठल्याही कचेरीत गेलीस तरी एकच उत्तर, ‘अहारेय हाहागीम’, सणांनंतर या. त्यावर चिडू नको. तो महिना मुलांना दे.

नव्याच्या सणाला इथे बऱ्याच घरांत खुणांचं ताट असतं: खजूर, डाळिंब, सफरचंद-मध, बीट, चवळी, भोपळा, माशाचं डोकं, प्रत्येकाची एक इच्छा. चवळी आणि दुधी भोपळा बघून तुझ्या मुलांना घरचंच वाटेल. प्रत्येकाला एक पदार्थ वाटून दे, इच्छा मराठीत म्हणू दे. किप्पूरला, आपल्या दारफाळणीच्या सणाला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, रस्त्यावर गाडी नसते, आणि गावभरची मुलं हमरस्त्याच्या मधोमध सायकली चालवतात. लहानांना उपास नाही. सायकल त्याआधी घेऊन ठेव. सुक्कोथ या मांडवांच्या सणाचा मांडव घालताना लेकीला कागदाच्या साखळ्या करायला बसव. आणि एत्रोग हे त्या सणाचं फळ हातात घेतलास की सांग, हे आपलं महाळुंग.

हनुक्काला आठ रात्रींच्या मिळून ४४ मेणबत्त्या लागतात, रोजची शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवायची जादा मेणबत्ती, धरून. सात वर्षांच्या लेकीला हा हिशोब करायला दे, खोका उघडून मोजून बघेल. पुरीमला सगळं गाव वेष बदलून फिरतं. पुरीमच्या गोष्टीतल्या दुष्ट हामानचे कान म्हणून तिकोनी खाऊ असतो, पण आम्ही पुरणपोळी सोडली नाही, आणि शेजाऱ्यांच्या मिशलोआह मानोतच्या, म्हणजे पुरीमला वाटायच्या खाऊच्या, ताटात करंज्या ठेवतो. कातणं फिरवायचं काम नातीचं. कडा वाकड्या येतात. तशाच वाटते मी त्या.

पेसाहवर मात्र जीव ओत. इथे सेदेर, म्हणजे पेसाहचं विधीचं जेवण, एकच रात्र, ठाण्यासारख्या दोन नाहीत, त्यामुळे ती एक रात्र नीट व्हायला हवी. आपण भात खातो, सगळे खात नाहीत. दुकानात पाकिटावर ‘किटनियोत (म्हणजे पेसाहात काहीजण टाळतात ते तांदूळ, कडधान्यं) खाणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं बघून घ्यायचं. आमच्या वरच्या मजल्यावर बगदादहून आलेली एक आजी राहायची. तिने मला पेसाहचा तांदूळ तीनदा निवडायला शिकवलं, गव्हाचा एखादा दाणा राहू नये म्हणून. पांढऱ्या चादरीवर तांदूळ पसरायचा आणि मुलांना बसवायचं. दाणा सापडला की एक चॉकलेट. मी आधीच दोन दाणे टाकून ठेवते, नाहीतर कंटाळतात.

त्याच आजीकडून दुसरी गोष्ट उचलली. सेदेर सुरू असताना एक मूल बाहेर जातं, माथ्सा, म्हणजे बेखमीर भाकर, फडक्यात बांधून खांद्यावर टाकतं आणि दार ठोठावतं. आमच्याकडे हे मराठीत चालतं.

“कोण आहे?”

“इस्रायलचा माणूस.”

“कुठून आलास?”

“मिसरहून.”

“कुठे चाललास?”

“यरुशलेमला.”

“वाटेत खायला काय आणलंस?”

“बेखमीर भाकर.”

गेल्या वर्षी नातीने शेवटी स्वतःहून जोडलं, “आणि थोडा मलिदा.” मग आत घेतलं आम्ही तिला. ‘मा निश्तना’ हे सेदेरचे प्रश्न, सर्वांत धाकट्याने म्हणायचं असतं, ते गन शिकवेल. हे संवाद तू आत्तापासून, ठाण्याच्या घराच्या दारात, शिकव.

पेसाह संपल्या रात्री मोरोक्कन शेजारी मिमूना करतात, दारं उघडी, लोणी-मध लावलेला मुफ्लेता. बोलावलं की मुलांना घेऊन जाच. शावूओतला दुधाचं जेवण असतं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. चीजकेकच्या शेजारी तुझं श्रीखंड ठेव, आधी तेच संपेल.

सामानाचं: पोहे, मसाले, वाल इथे भारतीय दुकानांत मिळतात, त्यावर वजन घालवू नको. पुरणयंत्र, करंजीचं कातणं, खोबरं खवायची विळी मात्र आण. चिकाचा हलवा आईकडून शिकून ये, वहीत लिहून नको, तिच्या शेजारी उभी राहून ढवळून ये. तासभर हात दुखेपर्यंत ढवळल्याशिवाय तो कळत नाही. आणि जमलं तर तिच्या आवाजात एलियाहू हनाबीचं गाणं फोनवर भरून आण.

विमानाचं ठरलं की कळव. पहिला शब्बाथ आमच्याकडे. गुरुवारी रात्री मनुका भिजत घालते, कुस्करायला तुझी दोघं लागतील.