वार्षिक सभेपूर्वी, आवाजाविषयी

आपल्याला स्पाझमोडिक डिस्फोनियाचे, म्हणजे बोलताना आवाज अडकण्याच्या विकाराचे, निदान नुकतेच झाले आहे आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव म्हणून अहवालही वाचायचा आहे, म्हणून हे लिहीत आहे. हा दोष धैर्याचा नसून मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना जाणाऱ्या संदेशांचा आहे. त्यामुळे ‘जरा मोकळेपणाने बोला’ असे सांगणाऱ्यांचे मनाला लावून घेऊ नका. यावर स्वरयंत्राच्या स्नायूंत देतात त्या बोटॉक्सच्या (स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शननंतर सुरुवातीचे काही दिवस आवाज कुजबुजल्यासारखा होतो, पाणी पितानाही ठसका लागू शकतो, आणि मग साधारण ३ ते ४ महिने सुधारणा टिकते. म्हणून सभेची तारीख पाहूनच डॉक्टरांशी दिवस ठरवावा.

ठाणे स्थानकाच्या तिकीट खिडकीवर ‘ऐरोली’ म्हणताना माझा पहिलाच स्वर घशात आवळला जाई आणि मागची रांग कुरकुरू लागे. तेव्हापासून मी नाव लिहिलेली चिठ्ठी काचेखालून सरकवतो, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

अमेरिकेच्या रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी याच विकारासह २०२४ ची अध्यक्षपदाची मोहीम चालवली. त्यांची मते बाजूला ठेवली तरी एवढे खरे आहे.

सभेत माइक ओठांजवळ धरा, आवाज चढवू नका, अहवालाच्या प्रती आधीच वाटा आणि पहिल्याच वाक्यात विकाराचे नाव सांगून टाका.