रील चार हजारांनी पाहिली, प्रवेश एकच झाला; आता काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात बेसा रोडला घर, खालचा मजला मोकळा, मदतीला दोन मुली, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर. रील चार हजार लोकांनी पाहिली, तीन फोन आले, प्रवेश एक. तोही तुमच्या भाचीचा. 'एवढे लोक बघतात तर येत काहून नाहीत?' असं तुम्ही विचारलंय.

मी प्रतापनगरात नऊ उन्हाळे शिबिर घेतलंय. पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत होते.

तुमचं पोस्टर पाहिलं. व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास, सृजनशीलता, सगळीकडे फुगे, आणि खाली 'फीसाठी मेसेज करा'. तारीख नाही, वेळ नाही, पत्ता म्हणून नुसतं 'बेसा'. आता आईच्या जागी बसून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिला आत्मविश्वासाचं नंतर बघायचं असतं, आधी पोट्टं किती वाजता सुटेल ते हवं असतं. पहिल्या वर्षी मी वेळ ठेवली होती ९ ते १२. बारा वाजता बाया तोंडाला दुपट्टे बांधून, तापलेल्या गाड्यांवर ओली फडकी टाकून फाटकापाशी उभ्या. चौथ्या दिवशी चार मुलं कमी झाली. कोणी भांडलं नाही, नुसते येईनासे झाले. पुढच्या वर्षी ७:१५ ते ९:४५ केलं, आणि जाहिरातीत सगळ्यात वर तेच लिहिलं.

गेल्या वर्षीचा माझा मेसेज जसाच्या तसा देते. हवा तर उचला:

'वय ६ ते ११. २८ एप्रिल ते ९ मे, रविवारी सुट्टी. सकाळी ७:१५ ते ९:४५. फी २२०० रुपये, कागद-रंग-माती त्यातच. एका गटात १२ मुलं, दोन ताया. दोन कूलर, इन्व्हर्टर आहे. रोज पन्हं किंवा लिंबूपाणी, डबा नको. न्यायला कोण येणार त्यांचं नाव आधी कळवा, दुसऱ्या कोणाच्या हाती मूल देत नाही. आधी येऊन जागा बघायची असेल तर संध्याकाळी ६ नंतर या.'

यात शोभेचा एक शब्द नाही. पण इन्व्हर्टर आणि 'दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही' या दोन वाक्यांवर जेवढे फोन आले, तेवढे नाटक-चित्रकलेवर कधी आले नाहीत. फी लपवू नका. बायांना फी विचारायला संकोच वाटतो, विचारून मग 'नको' म्हणायला त्याहून जास्त. त्यापेक्षा त्या पुढच्या पोस्टरकडे जातात.

हा मेसेज मजकूर म्हणूनच पाठवा, चित्रात कोंबू नका. चित्रातली बारीक अक्षरं कोणी मोठी करून वाचत नाही. आणि मजकूर असला की एक आई दुसरीला पाठवताना खाली आपली ओळ जोडते: 'आमची गेली होती, छान आहे.' तुमची खरी जाहिरात ती ओळ. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः टाकू नका, तिथे रोज कोणी ना कोणी मसाले आणि कुर्ते विकत असतं. ओळखीतल्या दोघी-तिघींना टाकायला सांगा.

व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात एक गोम आहे: एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. माझी अख्खी यादी एका मार्चमध्ये अशीच वाया गेली. मला वाटायचं लोक उत्तर देत नाहीत; त्यांना मेसेज गेलेलाच नव्हता. तेव्हापासून कोणाचाही फोन आला की आधी 'नंबर सेव्ह करून घ्या बापा' म्हणते. चौकशी करणाऱ्या सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाकू नका. अनोळखी लोकांना आपला नंबर दिसलेला बायांना आवडत नाही.

पैसे देऊन जाहिरात करायची का? थोडी. दुसऱ्या वर्षी मी पोस्टखालचं बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट पसरवायचं, बटण दाबून तीन हजार घालवले. लाइकचे बदाम खूप पडले. बघते तर कॉलेजची पोरं, काही गोंदियाची, काही रायपूरची. फोन शून्य. बटण दाबण्याऐवजी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अॅड्स मॅनेजरमध्ये जा, घरावर पिन लावून चार किलोमीटरचा घेर आखा, वय २८ ते ४५ ठेवा, आणि उद्देश लाइकचा न ठेवता व्हॉट्सअॅपवर मेसेज येण्याचा ठेवा. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. घेर लहानच ठेवा. मनीषनगरची आई पूल झाला तरी रूळ ओलांडून रोज सकाळी वर्धा रोडच्या पलीकडे माझ्याकडे यायला राजी नसते. धरमपेठेतली तुमच्या बेशापर्यंत तर नाहीच.

गुगल मॅप्सवर शिबिराची नोंद आत्ताच करा, पडताळणीला कधी कधी वेळ लागतो. शिबिर संपल्यावर पालकांकडून अभिप्राय मागा, पण 'अभिप्राय द्या, सूट घ्या' करू नका. गुगलला ते चालत नाही.

आता वेळापत्रक, कारण तुम्ही एप्रिलअखेरीस सुरुवात करायची म्हणता. सीबीएसईवाल्यांच्या परीक्षा मार्चमध्ये आटोपतात, एप्रिलमध्ये नवा वर्ग थोडे दिवस भरतो, मग सुट्टी. ते पालक मार्चमध्येच ठरवतात. स्टेट बोर्डाच्या परीक्षा एप्रिलमध्ये लांबतात, ते घाईघाईत शेवटच्या आठवड्यात विचारतात. म्हणून एकच मेसेज दोनदा पाठवायचा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लग्नं, मामाचं गाव आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. तेव्हा बॅच ठेवूच नका. जूनमध्ये मात्र मजा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. गावाहून परतलेली मुलं घरात उच्छाद मांडतात, आया टेकीला आलेल्या असतात. जूनच्या मधल्या आठवड्यातली माझी बॅच सहा वर्षं बिनजाहिरात भरतेय.

आणि फोटो. यावर जरा थांबा. तुमच्या रीलमध्ये मुलांचे चेहरे स्पष्ट आहेत, एकाच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र आहे. मी पण असंच करायची. रंगाने माखलेल्या एका मुलाचा गोड फोटो स्टेटसला ठेवला, रात्री दहाला त्याच्या आईचा फोन. आवाज थरथरत होता. 'ताई, माझं कोर्टात चालू आहे. हा कुठे असतो हे समोरच्यांना कळायला नको होतं.' मी तेव्हाच फोटो काढला, पण तोवर साठ-सत्तर जणांनी पाहिला होता. ती मुलाला परत पाठवेना, आणि मला तिला 'पाठवा' म्हणायची हिंमत झाली नाही. आता प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारते: फोटो चालेल, चेहरा नको, किंवा अजिबात नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. तसंही मातीतले हात, रांगेत वाळत घातलेले मुखवटे, दारातल्या चपलांचा ढीग एवढ्यात शिबिर छान दिसतं. चपलांच्या फोटोवर तर मला सगळ्यात जास्त उत्तरं येतात.

तुमच्याकडे ज्या तिघींचे फोन आले होते त्यांना आज संध्याकाळी स्वतः फोन करा. 'येताय का' असं विचारू नका, 'मुलांना घेऊन जागा बघून जा' म्हणा. रील राहू द्या, फक्त ओळखपत्र दिसतंय तो तुकडा आणि पालकांना न विचारलेले चेहरे कापा, आणि पोस्टरखालचं 'फीसाठी मेसेज करा' पुसून तिथे वेळ आणि फी लिहा.