नाना शंकरशेटांनी नुसते पैसेच दिले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच नाना, मुंबईतले बडे जमीनमालक, घरचा पैसा भरपूर. मग त्यांनी देणग्या दिल्या यात विशेष ते काय? आणि त्यांना 'भारतीय रेल्वेचे जनक' म्हणणे कितपत बरोबर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर छोटे आहे, ते शेवटी देतो. पहिल्यावर सविस्तर लिहितो, कारण नानांबद्दल जे सांगायला हवे ते बहुतेक वेळा सांगितलेच जात नाही.

आधी पैशाचे बघू. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे, दैवज्ञ समाज. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. कुटुंब त्याआधीच मुंबईत स्थिरावले होते. कोटातल्या (आजच्या फोर्टातल्या) गनबो स्ट्रीटचे नाव याच घराण्यातल्या गणबाशेटांवरून पडले असे मानतात. वडील शंकरशेट १८२२ मध्ये गेले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या नानांच्या हाती चालता व्यापार, रोकड आणि स्थावर असे सगळे आले. गिरगाव, ताडदेव या बाजूला त्यांच्या जागा, वाड्या, बंगले होते. आजचा नाना चौक त्याच परिसरात आहे. बाजारात पत एवढी की अरब आणि अफगाण व्यापारी आपले किमती सामान पेढ्यांपेक्षा नानांकडे ठेवणे पसंत करत, असे सांगतात. म्हणजे 'स्वकष्टाने वर आलेला माणूस' ही कथा इथे नाही, आणि ती जोडूही नये. नाना जन्माने श्रीमंत होते.

पण त्या मुंबईत श्रीमंत शेटिये काही कमी नव्हते. अफू आणि कापसावर गब्बर झालेली घराणी होती, दानधर्मही सगळेच करत. धर्मशाळा, विहिरी, देवळे. नानांचे वेगळेपण मला दोन गोष्टींत दिसते. पैशाबरोबर त्यांनी जागा दिली, आणि जागा देऊन घरी बसले नाहीत, तर त्या कामाच्या समितीत जाऊन वर्षानुवर्षे बसले. त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

जागेचे उदाहरण घ्या. कोटातले जुने नाटकगृह १८३५ मध्ये विकले गेले आणि शहरात नाटकाला ठिकाण उरले नाही. १८४६ मध्ये ग्रँट रोडला नवे थिएटर उभे राहिले ते नानांनी दिलेल्या जमिनीवर. तेव्हा तो भाग कोटापासून पुष्कळ लांब, जवळजवळ गावाबाहेरच होता. साहेब लोकांनी तिथे यायला नाके मुरडली, पण त्यामुळेच ते थिएटर हळूहळू एतद्देशीय प्रेक्षकांचे झाले. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची सांगलीकर मंडळी मुंबईत आली तेव्हा त्यांचे प्रयोग याच थिएटरात झाले. पारशी नाटक मंडळ्या तिथेच वाढल्या. मराठी रंगभूमीच्या इतिहासात भाव्यांचे नाव पहिल्या पानावर असते; ज्या जमिनीवर ते खेळ झाले तिचा मालक मात्र तळटीपेत जातो.

मुलींच्या शाळेचेही तसेच. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. तरुणांकडे उत्साह होता, पैसे नव्हते, आणि मुलींच्या शाळेला जागा कोण देणार? नानांनी गिरगावातली आपल्या मालकीची जागा दिली. ती शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जातीत आणि शेजारात वजन असलेला माणूस स्वतःच्या आवारात मुलींना शिकू देतो, याचा अर्थ त्या काळी भाडे माफ करण्याएवढाच नव्हता. तिथे मुलगी पाठवणाऱ्या बापाला शेजाऱ्यांसमोर एक आधार मिळत होता.

आता समित्यांकडे वळतो. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचे एतद्देशीय सचिवपद सांभाळले. नाना सुरुवातीपासून तिच्या कारभारात होते. १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन परत निघाले तेव्हा त्यांच्या नावाने अध्यापक नेमण्यासाठी दोन लाखांहून अधिक वर्गणी जमली. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले, त्यावर तीन एतद्देशीय सभासद होते: फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि जगन्नाथ शंकरशेट. सरकारी शिक्षणखाते सुरू होऊन बोर्ड बंद होईपर्यंत नाना त्यावर होते. सोळा वर्षे!

या बोर्डावर १८४७ मध्ये जे घडले ते नानांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम आहे असे माझे ठाम मत आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचे म्हणणे असे की सरकारकडे शिक्षणासाठी पैसा थोडा आहे, तो मोजक्या वरच्या वर्गाला इंग्रजीतून उत्तम शिकवण्यावर खर्च करावा. देशी भाषांतून शिकवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. बोर्डात तट पडले. कर्नल जर्व्हिस आणि एतद्देशीय सभासद एका बाजूला, पेरी दुसऱ्या बाजूला. १ मे १८४७ रोजी नानांनी लेखी मत दिले. त्याचा आशय असा, की पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायला इंग्रजीपेक्षा देशी भाषा हेच सरस माध्यम आहे, आणि देशी भाषांची उपेक्षा करून लोकांचे शिक्षण होणार नाही.

हे कोणी लिहिले ते पाहा. नानांना स्वतःला उत्तम इंग्रजी येत होते. ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत होते, साहेबांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. पेरींची योजना मान्य झाली असती तर तिचा पहिला फायदा नानांच्याच वर्गातल्या मुलांना मिळाला असता. तरी त्यांनी अध्यक्षाविरुद्ध, तोही न्यायाधीश, कागदावर मत नोंदवले. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य झाले नाही. उच्च शिक्षण इंग्रजीतच गेले. पण प्राथमिक शाळा मराठी, गुजराती, कानडीतून चालू राहिल्या आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यातही (कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाचा आदेश) लोकशिक्षणासाठी देशी भाषांचाच आग्रह आला. आज मराठी शाळांविषयी आपण जे वाद घालतो त्यातले निम्मे मुद्दे तेव्हाच्या टिपणांत सापडतात. देणगीच्या पावतीवर हे काम दिसत नाही, म्हणून त्याचा पुतळाही होत नाही.

राजकारणाचे थोडक्यात सांगतो. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना अध्यक्ष झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले होते, त्यामुळे असोसिएशनने थेट पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. अर्जातली टीका सरकारला बोचली आणि काही श्रीमंत मंडळी मागे सरली. नाना टिकले. भाऊ दाजी लाड, नौरोजी फर्दुनजी, तरुण दादाभाई नौरोजी या शिकलेल्या पिढीला शेटियांच्या बैठकीत मान मिळाला तो पुष्कळसा नानांमुळे. मात्र या अर्जांना लोकांचा आवाज समजण्याची चूक करू नका. त्यात मुख्यतः वरच्या थराच्या मागण्या होत्या. १८५७ च्या धामधुमीत नानांवरही संशय घेतला गेला, निष्पन्न काही झाले नाही. पुढे मुंबईच्या विधान परिषदेवर पहिल्या काही हिंदी सभासदांत त्यांची नेमणूक झाली. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) समितीतही ते होतेच.

शेवटची वर्षे जमिनीच्या दृष्टीने विलक्षण होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपले, १ जुलै १८६५ च्या वायद्याला सगळा डोलारा कोसळला. भाऊ दाजींसारखा माणूसही त्यात बुडाला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना वारले. नंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये ती पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. आपल्या आजोबांच्या पिढीत 'शंकरशेट मिळवली' एवढे म्हटले तरी पुरे होई.

आता रेल्वे. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वेसाठी जी खटपट सुरू झाली त्यात नाना आणि जमशेटजी जीजीभाई आघाडीवर होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे कंपनीच्या मुंबई समितीवरही नाना होते. पण कंपनी लंडनची, कायदा १८४९ च्या पार्लमेंटचा, भांडवल बहुतांश विलायतेचे, आणि त्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी इथल्या महसुलातून. मार्ग आखणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कले. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे गाडी ही अशा अनेकांची होती. म्हणून 'जनक' म्हणू नये, 'आद्य प्रवर्तकांपैकी एक' म्हणावे. मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केला, तो योग्यच आहे. माझी मागणी त्याहून वेगळी आहे: १ मे १८४७ चे टिपण मराठीत आणून दहावीच्या पुस्तकात धडा म्हणून घाला. १ मेला महाराष्ट्र दिन असतोच, त्या दिवशी ते शाळाशाळांत वाचायला काय हरकत आहे?